दाराशी बाप्याच्या चपला

१

येडगावात परतल्यापासून रामनाथचा दिवस एकाच ठरलेल्या पद्धतीनं सुरू व्हायचा. उठायचं, धरणाच्या पाण्याकडं बघत दात घासायचे, ओसरीवर बसायचं आणि रत्नानं दिलेला चहा पीत गावाच्या अकलेला नावं ठेवायची.

अक्कल म्हणजे काय, तर फोन. पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत ज्याच्या त्याच्या हातात काचेचा मोठा फोन. उसात बिबट्या हिंडतो म्हणून गोठ्यागोठ्यावर कॅमेरा. कुणाकुणाच्या घरात तर बोलकी डबी, सांगितलं की अभंग लावते. आणि वीसेक वर्षं हॉलंडात काढून आलेला हा गडी मात्र खिशात बटणांचा फोन घेऊन हिंडणार. लोक हसायचे. "पावणं, इमानानं आला का बैलगाडीनं?" असं गेणभाऊनं पारावर सगळ्यांदेखत विचारलं होतं.

रामनाथ ते मनावर घेत नसे. तिकडं तो अशाच डब्या बनवणाऱ्या कंपनीत होता. लोकांच्या घरातली भांडणं, खोकले, रात्रीचं रडणं कानाला यंत्र लावून ऐकणारी माणसं त्याच्या शेजारच्या टेबलावर बसत. तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला होता. "पैसे देऊन घरात परक्याचे कान आणि डोळे आणून ठेवायचे, आणि वर म्हणायचं घर आमचं," असं तो म्हणे, आणि असं तोंड करून म्हणे की पुढं कुणी वाद घालू नये.

बायको, रत्ना, तिकडं कधी गेलीच नाही. आधी सासू, ठमाबाई, जिला ती आत्याबाई म्हणे, अंथरुणाला खिळलेली होती. मग बाग होती, मग दोघांना सवयच झाली. ठमाबाई गेली त्या वर्षी रत्नानं फोनवर एकदाच काय ते मागितलं होतं.

"अहो, घरात मी एकटीच असते. दारावर एक कॅमेरा बसवू का? आन् तुमचं तोंड दिसंल असा एक फोन घेऊ का?"

"मुळीच नाही," रामनाथ म्हणाला होता. "दर रविवारी फोन करतो ना मी? ही थेरं आपल्या घरात नकोत."

रत्नानं परत विचारलं नाही. तिला आपलं म्हणणं पटलं, असंच तो इतकी वर्षं धरून चालला होता.

२

चपला त्याच्या नजरेला पडल्या त्या संक्रांतीच्या सुमाराला. रोज दिसतच होत्या म्हणा, पण बघितल्या नव्हत्या. दाराच्या उजव्या हाताला, पायरीवर, तोंडं बाहेर करून ठेवलेल्या, कातडी, बाप्याच्या, पुरुषाच्या मापाच्या. रामनाथ बूट घालायचा आणि हॉलंडातल्या सवयीनं घरात मांडणीवर ठेवायचा.

"ह्या कुणाच्या गं?"

रत्ना शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्याच. तुमच्या नावानं आणलेल्या, घातल्यात कुठं तुमी कदी. आत्याबाई गेल्यावर शेजारच्या बायडाबाईनं शिकवलं. एकट्या बाईनं दाराशी बाप्याच्या चपला ठेवायच्या. आन् दार वाजलं की उघडायच्या आधी आत तोंड करून मोठ्यानं म्हणायचं, अहो, कोण आलंय बघा. म्हंजी येणाऱ्याला वाटतं, धनी घरात हाय."

रामनाथला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. यंत्राशिवाय काम झालं, फुकटात. "बघ," तो म्हणाला, "कॅमेऱ्यापेक्षा भारी."

"व्हय," रत्ना म्हणाली. "लई भारी."

ती आत गेल्यावर त्यानं सहज बूट काढून त्या चपलांत पाय घातले. बसल्या. नुसत्या बसल्या नाहीत, अंगठ्याला अंगठ्याची खळगी मिळाली. लहानपणी आंब्यावरून पडल्यापासून रामनाथची डावी टाच बाहेरच्या अंगानं टेकायची, त्याचे सगळे बूट तिथंच झिजायचे. ही डावी चपलही नेमकी तिथंच झिजलेली होती.

नुसत्या दाराशी ठेवलेल्या चपला झिजतील कशाला?

"रत्ना, गोठ्यात जाताना ह्या घालतेस का तू?"

"मी?" आतून आवाज आला. "माझ्या पायात ऱ्हातील का त्या?"

३

आता तुम्ही म्हणाल, माणसानं सरळ विचारावं. रामनाथनं नाही विचारलं. तो बघत राहिला. संशय एकदा घरात शिरला की त्याला पाट मांडावा लागत नाही.

एका दुपारी वीजमीटरचं रीडिंग घेणारा आला. रामनाथ माजघरात, भिंतीला टेकून, रत्नापासून चार हातांवर बसला होता. दार वाजलं. रत्नानं हातातलं सूप खाली ठेवलं, आतल्या खोलीकडं तोंड केलं आणि म्हणाली, "अहो, कोण आलंय बघा."

"अगं, मी इथं आहे," रामनाथ म्हणाला.

ती दचकली. त्याच्याकडं बघितलं, परत आतल्या खोलीकडं बघितलं आणि पदर सारखा करत उठली. "सवय झालीया," म्हणाली, आणि दार स्वतःच उघडलं.

सवय असेल. पण तो 'अहो' रामनाथच्या डोक्यातून जाईना. परत आल्यापासून रत्ना त्याला काय म्हणायची? ऐकलं का. जेवायला वाढलंय. हा असा, अर्ध्या श्वासातला, उत्तर येणार याची खात्री असलेला 'अहो' त्याच्या वाट्याला लग्नानंतर एखादं वर्ष आला असेल. तो आता दुसऱ्या कुणाला तरी मिळत होता. माणूस मत्सरानं जळतो म्हणतात, ते रामनाथला तेव्हा कळलं, छातीत खरंच भाजत होतं.

मग एकेक दिसायला लागलं. चहाच्या भांड्यात पाणी नेहमी एका कपाचं जास्त. आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालताना रत्ना हळूच हसायची. आणि एकदा तर म्हणाली, "तुमीच न्हाई का परवा म्हणालात, विहिरीकडंला गवार लावू म्हणून?"

रामनाथ तसं काही म्हणाला नव्हता. गवार त्याला आवडतसुद्धा नव्हती.

तो उठून बायडाबाईकडं गेला. म्हातारी शेजारच्याच घरात, उन्हात पाय पसरून बसलेली असायची. इकडचं तिकडचं बोलून त्यानं विषय काढला.

"मावशे, मी तिकडं होतो तेव्हा आमच्या घरी कुणाचं जाणं-येणं होतं?"

"कुनाचं आसनार? तुजंच."

"मी हॉलंडात होतो मावशे."

"आसशील बाबा," बायडाबाई म्हणाली. "पर रत्नीला सोबत व्हती न्हवं. पयले पयले मीच शिकवलं तिला, आत तोंड करून हाक मार म्हनून. पयले कोन ओ देत न्हवतं. मागनं देत व्हतं. तुजा खोकला लई डाव आयकलाय मी भिंतीतनं." ती त्याच्याकडं मिचमिच्या डोळ्यांनी बघत राहिली. "आता तू आलास तर तो कुठं गेला म्हनायचा?"

म्हातारीचं वय झालंय, रामनाथनं स्वतःला समजावलं. आणि भिंतीतनं पुरुषाचा खोकला ऐकू येत होता, एवढंच त्यातलं खरं आहे, असं त्यानं ठरवलं. पुरुष होता. आजही येतो. आपण बागेत गेलो की येतो.

४

शौकत हा रामनाथचा शाळेतला दोस्त. जुन्नरच्या पेठेत त्याचं कॅमेऱ्यांचं आणि फोनचं दुकान. रामनाथला दारात बघून त्यानं काउंटरवरचे हात वर केले.

"या अल्ला. रामनाथ, तू वाट चुकला का राव?"

"कॅमेरे पाहिजेत. आणि त्यांतलं दिसेल असा फोन."

"बिबट्या?"

"बिबट्या," रामनाथ म्हणाला. आयुष्यभर ज्या गोष्टीला नावं ठेवली ती पिशवीत घालून घेताना त्याला शरम वाटत होती, पण बायको दुसऱ्याची होते आहे या विचारापुढं शरम टिकेना.

शौकतनं सगळं समजावलं. हा कॅमेरा माणसं ओळखायला शिकतो. घरात जो सारखा दिसेल त्याचा फोटो फोनवर येतो, हा कोण म्हणून विचारतो. आपण नाव टाकायचं, की तो घरचा. मग तो आला-गेला की फोन कळवतो. ज्याचं नाव टाकलं नाही तो अनोळखी. "सोपं आहे," शौकत म्हणाला. "तू तर तिकडं हेच बनवत होतास."

त्यानंच येऊन गोठ्यावर एक आणि ओसरीवर एक बसवून दिला. रत्ना दाराला टेकून बघत होती.

"आता कशाला?" तिनं विचारलं. "मी मागत व्हते तवा दिला न्हाई."

"बिबट्या हिंडतोय."

"तवाबी हिंडत व्हता," रत्ना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर रामनाथला बरं वाटलं असतं. "लई भ्या वाटायचं मला. रातच्याला उठून कडी बघायची, परत झोपायचं, परत उठायचं. तुमाला सांगितलं व्हतं. आता न्हाई वाटत."

"का नाही वाटत?"

ती शौकतला चहा टाकायला गेली.

तिसरा कॅमेरा, अंगठ्याएवढा, रामनाथनं ती पाण्याला गेल्यावर माजघरातल्या कपाटावर, घड्याळाच्या आड लावला. तिथून माजघर दिसायचं, आणि आतल्या खोलीचा उंबरा. आतली खोली दिसत नव्हती, तिचं दार अर्धं लोटलेलं असायचं.

दोन-चार दिवसांनी बागेत असताना नवा फोन वाजला. काचेवर रत्नाचा फोटो, खाली प्रश्न: ही व्यक्ती कोण? त्यानं नाव टाकलं. लगेच दुसरा फोटो आला. उंबऱ्यात पाठमोरा उभा असलेला पुरुष, अंधुक, एक खांदा चौकटीच्या आत. ही व्यक्ती कोण? घरात आपल्याशिवाय आहे कोण, आपणच असणार. हात मातीनं भरलेले होते, घाई होती. त्यानं 'रामनाथ' असं टाकलं आणि फोन खिशात ठेवला.

५

सापळा लावायचा तर शिकार निर्धास्त पाहिजे. घोडेगावला रत्नाचा भाऊ राहायचा, दादाभाऊ. "दादाभाऊकडं जाऊन येतो," रामनाथनं सकाळी सांगितलं. "मुक्काम करीन. उद्या येतो."

"बरं," रत्ना म्हणाली. तिचा चेहरा उजळला का? त्याला तरी तसं वाटलं.

तो दादाभाऊकडं गेलाच नाही. घोडेगावच्या एसटी स्टँडवर एका बाकड्यावर, भिंतीकडं तोंड करून, फोन दोन्ही हातांत धरून बसला. डोंगरातल्या गावांच्या गाड्या येत होत्या, जात होत्या, आणि तो हातभर लांबून आपलंच घर बघत होता. हॉलंडातली ती शेजारच्या टेबलावरची माणसं अशीच बसायची, खांदे पाडून. ते आठवलं तरी त्यानं नजर हलवली नाही.

बराच वेळ काही नाही. रत्ना तांदूळ निवडत होती. कोंबडी आत आली, तिनं हाकलली. मग ती उठली, चहा घेऊन आली. दोन कप. एक स्वतःपुढं ठेवला, दुसरा उंबऱ्यावर. आतल्या खोलीकडं तोंड करून काहीतरी बोलली. थांबली. माणूस ऐकतं तेवढा वेळ थांबली. आणि हसली.

हे हसू रामनाथला ठाऊक होतं. लग्नाच्या नवलाईत, कुकडी नदीच्या काठानं चालताना ती तशी हसायची, तोंडावर हात न घेता. त्याला वाटलं होतं, ते वयाबरोबर गेलं. गेलं नव्हतं. ती ते जपून ठेवत होती, फक्त त्याच्यासाठी नाही.

"बाहेर ये," तो फोनला म्हणाला. शेजारच्या बाईनं पोराला जवळ ओढलं. "तोंड दाखव."

दाराच्या फटीतून एक कोपर पुढं आलं. मग मनगट. हातानं उंबऱ्यावरचा कप उचलला आणि आत गेला. निळ्या चौकड्यांची बाही होती.

फोन थरथरला. वर पट्टी आली: रामनाथ घरात आहेत.

तो त्या अक्षरांकडं बघत राहिला. मग डोकं चालवायला लागला, कारण डोकं चालवणं हाच त्याचा धंदा होता. नेट हळू चालतंय, हे कालचं चित्र आहे. काल आपणच उंबऱ्याशी कप उचलला असेल. कोपऱ्यातली वेळ बघितली. आजची, आत्ताची होती. बरं, वेळ चुकली असेल. मग त्यानं नाव दिलेला तो पहिला फोटो उघडला आणि बोटांनी मोठा केला. पाठमोरा माणूस. निळ्या चौकड्यांचा शर्ट.

असा शर्ट त्याच्याकडं होता. पहिल्यांदा हॉलंडला निघाला तेव्हा तो ट्रंकेत ठेवून गेला होता, आणि परत आल्यापासून एकदाही अंगात घातला नव्हता.

६

येडगावच्या फाट्यावर उतरला तेव्हा दिवस मावळतीला होता. कालव्याच्या कडेनं चालताना दोन्ही बाजूंचा ऊस सळसळत होता, पण बिबट्याची आठवण त्याला झाली नाही. तो मनात बोलत होता. कुणी असेल तर मी त्याला ओढून बाहेर काढीन. कुणी नसेल तर रत्नाच्या पाया पडीन, ती यंत्रं धरणात फेकीन, आणि म्हणीन, मला तशी हाक मार, एकदा. दुसरं काही त्याला नको होतं. बाग नको, हॉलंडातला पैसा नको. त्या हाकेला आपण ओ द्यावी, एवढंच.

घरात दिवा लागला होता. ओसरीवरून फोडणीचा वास येत होता, लसूण आणि गवार.

दाराच्या उजव्या हाताला, पायरीवर, चपला होत्या. तोंडं बाहेर करून ठेवलेल्या. आणि इतकी वर्षं या वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला जे कळत आलं होतं ते रामनाथलाही कळलं. धनी घरात आहे.

त्यानं कडी वाजवली.

आतला आवाज थांबला. भांड्यावर झाकण ठेवल्याचं ऐकू आलं. मग रत्ना, दार न उघडता.

"कोण हाय?"

"मी."

"मी कोण?"

स्वतःचा आवाज त्याला घोगरा, परका लागला. "अगं, मी. रामनाथ."

आत काहीच हाललं नाही. त्याला तिचा श्वास ऐकू येत होता, घाबरलेल्या एकट्या बाईचा, आणि त्यानं कधी न ऐकलेल्या त्या सगळ्या रात्री त्या श्वासात होत्या. तो दाराला तोंड लावून काहीतरी बोलणार होता, की मी आलोय, आता भ्यायचं कारण नाही. पण तेवढ्यात ती आत वळली. हे त्याला दिसलं नाही, कळलं. कारण तिचा आवाज बदलला. भीती गेली आणि तो मऊ झाला.

"अहो," रत्ना म्हणाली, "दारात कोणतरी आलंय. तुमचं नाव सांगतंय. बघता का जरा?"

आतल्या खोलीत कुणीतरी खाकरलं.

रामनाथच्या खिशात फोन थरथरला. त्यानं काढून बघितला. ओसरीवर अनोळखी व्यक्ती, असं लिहिलं होतं, आणि खाली त्याचाच फोटो होता, वरून काढलेला, फोनकडं बघत असलेला.

पावलं उंबरा ओलांडून माजघरात आली. अनवाणी, सावकाश, घरच्या माणसाला काही घाई नसते तशी. डावी टाच बाहेरच्या अंगानं टेकत होती. ती दारापाशी येऊन थांबली, आणि आतून कडीला हात लागला.

रामनाथनं ओरडावं, दारावर धडका द्याव्यात, हे घर माझं आहे म्हणून सांगावं. तसं काही झालं नाही. त्या पायरीवर येणारा कुणीही परका माणूस इतकी वर्षं जे करायचा तेच त्यानं केलं. दाराशी असलेल्या चपलांकडं एकदा बघितलं आणि तो एक पायरी खाली उतरला.